अनुमोदक

इतर लोक परकी भाषा गाण्यांतून शिकतात, सिनेमांतून शिकतात, काही नशीबवान प्रेमात पडून शिकतात. विलाई ती शिकली पालिकेच्या सभांची इतिवृत्तं वाचून.

तशी ती प्रेमातही पडली होती. थायलंडहून रानफळं वेचायला ती सलग तीन उन्हाळे दूर उत्तरेच्या बर्फाळ देशातल्या होंकाकुला या खेड्यात आली आणि चौथ्या उन्हाळ्यात परत गेलीच नाही. कारण लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवणाऱ्या वेइयो वाइसानेनने तिला विचारलं होतं, "थांबतेस?" एवढंच विचारलं होतं. वेइयो माणूस लाखात एक, पण बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. दिवसाचे वीस शब्द, त्यातले आठ ट्रकच्या इंजिनाला उद्देशून. अशा नवऱ्याच्या भरवशावर भाषा शिकायची म्हणजे अर्धा जन्म गेला असता.

तिला तारलं ते पुस्तकांच्या गाडीने. दर शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ही पिवळी बस, पूर्वी जिथे दुधाचे कॅन ठेवत त्या जुन्या दूधकट्ट्यापाशी उभी राहायची आणि चाळीस मिनिटं थांबायची. आत तिन्ही बाजूंनी पुस्तकं, मधे एक बाक, आणि स्टिअरिंगमागे हिल्का. गाडी हीच चालवायची आणि पुस्तकांवर शिक्केही हीच मारायची. वर्षभरात विलाईने मुलांची सगळी पुस्तकं संपवली, तेव्हा हिल्काने तिच्या हातात पालिकेच्या सभांच्या इतिवृत्तांचा गठ्ठा ठेवला. लोकांनी वाचावीत म्हणून ती गाडीत ठेवलेली असत, आणि कोणी वाचत नसे.

"हे वाच," हिल्का म्हणाली. "यातले शब्द तुला रोज लागतील. आणि यात कोणी कोणाचा खून करत नाही. निदान लेखी तरी."

त्यामुळे झालं असं की 'लाडके' या अर्थाचा शब्द कळायच्या आधी विलाईला 'पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं शुल्क' हा लांबलचक शब्द पाठ झाला. एके दिवशी जेवताना तिने वेइयोला विचारलं, "आपल्या रस्त्यावरचा बर्फ काढायचं काम तिसऱ्यांदा त्याच माणसाला का दिलं?"

वेइयोचा काटा हवेतच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"पान अकरा."

त्या दिवसापासून वेइयो बायकोला जरा वचकून असायचा.

तिचं नागरिकत्व थायलंडचंच राहिलं होतं. देशाचा राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा, संसदेत कोणी बसावं, हे तिला कोणी विचारणार नव्हतं. पण पालिकेचं तसं नव्हतं. होंकाकुला ज्या रौतासाल्मी पालिकेत येतं तिथल्या शाळेचं छत गळावं की नाही, होंकाकुलाचा रस्ता कोणी साफ करावा, यात तिच्या मताची किंमत कोणाही आजोबा-पणजोबांपासून इथेच राहिलेल्या माणसाइतकीच होती. ती मत द्यायची. त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून जायची, पाटीवरचा उमेदवाराचा आकडा तीनदा बघून चिठ्ठीवर लिहायची आणि मग घडी घालायची. आणि उमेदवार म्हणून तिला उभंही राहता येत होतं, पण हे मात्र तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

ते मार्केत्ताच्या डोक्यात आलं. मार्केत्ता सोर्वारीचा दुधाचा धंदा होता, चाळीस गाई होत्या आणि शेतकऱ्यांच्या पक्षाचा रौतासाल्मीतला गट तिच्या मुठीत होता. विलाई जिथे काम करायची, त्या बटाटे सोलायच्या शेडमध्ये ती मार्चमध्ये एकदा गमबूट घालून थेट आत आली.

"आमच्या यादीत बाया कमी पडताहेत," ती म्हणाली. "आणि होंकाकुलाचं तर कोणीच नाही. तुझं नाव घालू?"

"मला भाषणं येत नाहीत."

"इथे कोणाला येतात? तुला निवडून नाही यायचंय गं. नुसतं उभं राहायचंय."

विलाईने हातातला बटाटा खाली ठेवला. "उभी राहिले तर निवडून यायलाच. नाहीतर आहे इथे बरी आहे."

मार्केत्ताला हसू आलं, पण तिला हे उत्तर आवडलं. जाता जाता तिने विचारलं, लोकांना काय सांगणार आहेस? विलाईला विचार करावा लागला नाही. खर्च कमी करायचा म्हणून पुस्तकांची गाडी बंद होणार, अशी कुजबुज तेव्हा सुरू झाली होती. ती म्हणाली, "गाडी चालू राहील, एवढंच सांगणार." मार्केत्ताने मान डोलावली. निवडणुकीआधी गाडी सगळ्यांनाच हवी असते.

एप्रिलमध्ये दुकानासमोर सगळ्या पक्षांचे तंबू लागले. बर्फ आणि पाऊस यांच्या मधलं काहीतरी आभाळातून पडत होतं. विलाई छातीवर ३७ या आपल्या उमेदवारी क्रमांकाचा बिल्ला लावून वाटाण्याचं सूप वाढत होती आणि येईल त्या म्हाताऱ्याकडून सुपात घालायची मोहरीची चटणी कुठाय म्हणून बोलणी खात होती. पलीकडच्या तंबूतून एक उंच, वाकलेला माणूस आला. कौको ह्यूत्तिनेन. आयुष्यभर रस्ते सारखे करायचं यंत्र चालवलेला, अठ्ठावीस वर्षं पालिकेत बसलेला, आणि ज्या पक्षाच्या पत्रकावर ठळक अक्षरांत 'आपलं गाव, आपली माणसं' लिहिलं होतं, त्या पक्षाचा. त्याने तिच्याकडून सूप घेतलं, उभ्याउभ्याच संपवलं आणि वाडगा पुढे केला.

"हे बघ, तुझ्यावर राग नाही," तो म्हणाला. "पण गावाचा कारभार गावच्या माणसांनी करावा असं माझं मत आहे."

"मी अकरा वर्षं इथे आहे."

"अकरा वर्षांत इथे झाड गुडघ्याएवढं होतं." त्याने वाडगा आणखी पुढे केला. "सूप मात्र झकास. वाढ अजून."

तिने वाढलं. न वाढून करते काय! पण तो शब्द तिला लागला, आणि त्या शब्दापेक्षा तो किती सहज बोलला, ते जास्त लागलं.

तिला एकसष्ट मतं मिळाली आणि ती गटातली शेवटची म्हणून, कशीबशी का होईना, निवडून आली. वेइयोला तिने विचारलं, "तू मला दिलंस ना?" तो म्हणाला, "मतदान गुप्त असतं." पण दुसऱ्या दिवशी त्याच्या ट्रकच्या मागच्या धुळीत कोणीतरी बोटाने भला मोठा ३७ काढलेला दिसला, आणि पुढचे दोन महिने त्याने ट्रक धुतला नाही.

सप्टेंबरच्या सभेत विलाई पहिल्यांदा बोलली. होंकाकुलाच्या बसथांब्यावर एक दिवा लावावा, एवढीच मागणी. तिने ते चार वाक्यांचं भाषण आठवडाभर घोकलं होतं, हिल्काकडून तपासून घेतलं होतं. ते बिनचूक झालं. बाकीच्या वीस सदस्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं, दोघांनी तर मानाही डोलावल्या.

"प्रस्तावाला अनुमोदन?" अध्यक्षांनी विचारलं.

सगळे टेबलाकडे बघत होते. कोणीतरी खोकलं. रेडिएटरमधलं पाणी गुडगुडलं.

"अनुमोदन नाही. प्रस्ताव बाद. पुढचा विषय." हातोडी टेबलावर पडली.

विलाईला वाटलं, आपल्या कानांत काहीतरी गडबड झाली. 'अनुमोदनाअभावी बाद' हे शब्द तिने इतिवृत्तांत पन्नासदा वाचले होते, पण ते असं पाच सेकंदांत होत असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. कॉफीच्या सुट्टीत एकेक जण तिच्याजवळ आला. चांगला मुद्दा होता, विलाई. अगदी बरोबर बोललीस. दिवा हवाच तिथे.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" ती प्रत्येकाला विचारत राहिली.

प्रत्येकाचं उत्तर एकच. "मला वाटलं, दुसरं कोणीतरी बोलेल."

भल्या माणसांचा हा प्रदेश आहे. बर्फात कोणाची गाडी अडकली तर न विचारता चारजण दोर घेऊन येतील. पण चारचौघांत पहिलं तोंड उघडायचं म्हटलं की इथल्या धडधाकट माणसालाही घाम फुटतो. कौको तेवढा जवळून जाता जाता मिशीत हसला. "बाई, प्रस्तावाला दोन माणसं लागतात," तो म्हणाला. "भांडणासारखंच आहे ते."

घरी येऊन ती रडली. वेइयो शेजारी येऊन बसला. त्याने विचारलं, "अध्यक्ष किती थांबले?"

"पाच सेकंद."

"पाच सेकंदांत इथे कोणी बोलत नाही," वेइयो म्हणाला. त्या दिवसाचा त्याचा कोटा त्यात संपला.

आणि मग नोव्हेंबर आला. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात पुस्तकांची गाडी नव्हती. कुजबुज खरी ठरली होती.

त्या सुमारास शुक्रवारी गाडीत एक नवीन गिऱ्हाईक यायला लागलं होतं. कौकोची बायको, आउने. ती होंकाकुलाच्या शाळेत, शाळा होती तोवर, चौतीस वर्षं बाई होती. निम्म्या गावाला तिने वाचायला शिकवलं होतं, वेइयोलासुद्धा. आता तिला स्वतःला अक्षरं लागत नव्हती. स्टोव्ह बंद केला की नाही ते आठवत नव्हतं, आपण कोणत्या खोलीत आहोत तेही कधीकधी कळत नव्हतं. कौको तिला दूधकट्ट्यापर्यंत सोडायचा आणि स्वतः मोटारीत बसून राहायचा, आत यायचा नाही. आउने बाकावर ताठ बसायची, मांडीवर कोणतंही पुस्तक उलटंसुलटं उघडायची, आणि विलाईला म्हणायची, "हं, वाच."

विलाई हातातलं जे असेल ते वाचायची. कधी बागकामाचं पुस्तक, कधी इतिवृत्त. आउने डोळे मिटून ऐकायची आणि मधेच बोट उचलायची. "अंहं! पाय ओढू नकोस शब्दाचा. पुन्हा." आणि खरंच चूक तिथेच झालेली असायची. घरी ज्या बाईला मिठाची बरणी सापडत नव्हती, ती इथे चाळीस मिनिटं पुन्हा बाई असायची. मुलांनाही ती सोडत नसे. एकदा हिल्कालाच तिने हळू आवाजात बोल म्हणून दटावलं होतं. या सगळ्याबद्दल गावात कोणी चकार शब्द काढत नसे. कौकोसमोर तर नाहीच.

सभेच्या आदल्या दिवशी मार्केत्ताच्या स्वयंपाकघरात गटाची बैठक भरली. वेलदोड्याचे गरम पाव, कॉफी आणि सात माणसं. मार्केत्ताने विषय आडवळणाने नेला नाही.

"शाळेच्या व्यायामशाळेचं छत की गाडी, दोन्ही होणार नाही. कौकोच्या पक्षाशी बोलणं झालंय. तेही छताच्या बाजूने आहेत. मी छत म्हणते."

"मी लोकांना शब्द दिलाय," विलाई म्हणाली.

"एकसष्ट लोकांना. छताखाली एकशे चाळीस पोरं आहेत. माझी नात त्यात आहे. परवा तिच्या डोक्यावर थेंब नाही, ढपला पडला."

हे काही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मार्केत्ता वाईट असती तर विलाईला सोपं गेलं असतं. तिने जे सांगायचं ते सांगितलं, म्हणजे होंकाकुलात आता दुकान नाही, शाळा नाही, टपाल नाही, ही एकच गोष्ट अजून चाकांवर का होईना येते. छताला सरकारकडून मदत मिळू शकते, तसा अर्ज चार वर्षांपूर्वी एकदा निघाला होता आणि मुदत चुकल्यामुळे तसाच पडला, हेही तिला इतिवृत्तांमुळे माहीत होतं. सगळ्यांनी ऐकलं. पेर्त्ती नावाचा माजी पोस्टमन तर आतून हललाही असावा, कारण त्याने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला आणि तिथेच विसरला. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा सहा हात छताच्या बाजूने गेले.

"इथे काय भांडायचं ते भांड," मार्केत्ता म्हणाली, आणि तिने ते प्रेमानेच म्हटलं. "सभेत मात्र आपण एक असतो. प्रस्ताव मांडणार नाहीस असा शब्द दे."

विलाईने मनाशी हिशेब केला. प्रस्ताव मांडला तरी अनुमोदन कोण देणार होतं? पाच सेकंद, हातोडी, संपलं. "नाही मांडणार," ती म्हणाली. मग सायकलवरून घरी जाताना तिला स्वतःची लाज वाटली. एका शब्दाखातर ती उभी राहिली होती, आणि दुसरा शब्द देऊन तिने पहिला मोडला होता.

सभा दुसऱ्या दिवशी चार वाजता सुरू झाली. खिडक्यांबाहेर तेव्हाच काळोख होता. अंदाजपत्रकाचं एकेक पान उलटत होतं, हातोडी पडत होती. वाचनालयाचं पान आलं. विलाई हात मांडीखाली दाबून बसली होती.

"कोणाला काही बोलायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला," कौको म्हणाला.

त्याच्याच पक्षाच्या तिघांनी चमकून माना वळवल्या. ही गोष्ट ठरल्यात नव्हती हे त्यांच्या तोंडावरून आंधळ्यालाही कळलं असतं. कौको उठून उभा राहिला. हातात चौकटींच्या वहीचं एक पान होतं.

"डिझेलबद्दल बोलतो," तो म्हणाला. आणि खरंच डिझेलबद्दलच बोलला. एक गाडी होंकाकुलाला येते त्याला किती लागतं, आणि ती आली नाही तर तीस घरांतल्या तीस मोटारी अडतीस किलोमीटर जाऊन परत यायला किती लागेल. रस्ता किती खराब होईल. तो खडबडीत, रुक्ष, कंटाळवाणा बोलला. पुस्तकांचं नावही त्याने काढलं नाही. बायकोचं तर नाहीच. पण एका हाताने ते पान त्याने पार चुरगाळून टाकलं होतं. चाळीस वर्षं यंत्राचा दांडा धरलेला हात तो. विलाईने तो बघितला आणि तिला नजर दुसरीकडे वळवावीशी वाटली.

"म्हणून माझा प्रस्ताव असा की गाडी आहे तशी चालू ठेवावी." कौको खाली बसला.

"प्रस्तावाला अनुमोदन?"

अळीमिळी गुपचिळी. कौकोच्या पक्षाचे तिघे छताकडे बघू लागले. मार्केत्ताने पेन उचललं. पेर्त्ती स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

एक. विलाईच्या डोक्यात आलं, कोणीतरी बोलेल. मग तिचं तिलाच कळलं की हा विचार इथल्या माणसासारखा झाला. दोन. हाच तो माणूस, अकरा वर्षांचं झाड गुडघ्याएवढं म्हणणारा. हाच मिशीत हसला होता. बसू दे की त्यालाही तसंच, कळू दे कसं वाटतं ते. तीन. पण अध्यक्षांकडे बघतही नव्हता तो. त्याची नजर समोर, कुठेच नाही, आणि मान अशी, की याला आधीच माहीत होतं आपण एकटे पडणार आणि तरीही हा उठला. चार. मी प्रस्ताव न मांडायचा शब्द दिलाय, अनुमोदन न द्यायचा नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. ते शब्दांत बसत होतं, मनात बसत नव्हतं. मार्केत्ताशी ही बेइमानीच होती आणि ती करायची होती.

अध्यक्षांचा हात हातोडीकडे गेला.

"अनुमोदन," विलाई म्हणाली.

आवाज इतका चिरका निघाला की अध्यक्षांना कळेना तो आला कुठून. "कोण बोललं?"

ती उभी राहिली. खुर्ची मागे घसरून भिंतीवर आपटली. "मी. वाइसानेन. ह्यूत्तिनेन यांच्या प्रस्तावाला माझं अनुमोदन आहे."

मार्केत्ताने पेन खाली ठेवलं. कौकोने पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा एखाद्याला भलत्याच दारातून घरचं माणूस येताना दिसावं तसा झाला.

आता मत घ्यावंच लागणार होतं. आडनावांच्या क्रमाने नावं पुकारायची. गाडी बंद करायला तयार असेल त्याने 'हो' म्हणायचं, कौकोच्या बाजूने असेल त्याने 'नाही'. पहिले तिघे 'हो' म्हणाले. चौथी एक तरुण परिचारिका होती, तिने घसा साफ केला आणि 'नाही' म्हटलं. तेवढंच बहुतेक हवं होतं. पुढचा 'नाही', त्याच्या पुढचाही 'नाही'. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली माणसं एकेक करून बोलायला लागली. कोणी चोरट्यासारखं, कोणी एकदम मोठ्याने, जणू कधीपासून हाच शब्द घशाशी अडकला होता. कौकोच्या पक्षातल्या एकाने डोळे मिटून 'नाही' म्हटलं. पेर्त्तीने बुटांना उद्देशून 'नाही' म्हटलं. मार्केत्ता सोर्वारीने स्पष्ट, खणखणीत 'हो' म्हटलं आणि विलाईकडे बघितलं नाही. विलाई कागदाच्या कडेला रेघा मारत होती. वाइसानेन हे नाव शेवटी आलं, तोवर अकरा 'नाही' झाले होते. तिचं बारावं. खरं तर तिचं मत लागलंच नाही.

"नऊ विरुद्ध बारा," अध्यक्ष म्हणाले. "ह्यूत्तिनेन यांचा प्रस्ताव मंजूर." हातोडी पडली आणि त्यांनी लगेच पुढचं पान उलटलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इथे वाजवत नाहीत.

कॉफीच्या सुट्टीत मार्केत्ता सरळ तिच्यापाशी आली.

"तू शब्द दिला होतास."

"प्रस्ताव मांडणार नाही असा दिला होता."

"विलाई."

"हो. माहितीये मला." विलाईचे डोळे भरून आले. "चुकलं असेल. पण परत तसंच करेन."

मार्केत्ताने हातातला कप खाली ठेवला. "शिक्षण समितीवर तुझं नाव जाणार होतं. आता जाणार नाही," ती म्हणाली. "गटाला मी दुसरं काही सांगू शकत नाही."

"बरं."

"आणि छताच्या मदतीचा तो जुना अर्ज म्हणतेस, तो कोणत्या वर्षीच्या इतिवृत्तात आहे, ते उद्या सकाळी मला फोन करून सांगायचं. सात वाजता. माझ्या गाई तोवर आटपतात." एवढं बोलून ती निघून गेली. पाठ ताठ होती, पण फोन मागितला होता. विलाईने तेवढ्यावर समाधान मानलं.

सभा सुटली तेव्हा कोट टांगायच्या बोळात कौको एकटाच होता. एका बाहीत हात घालून दुसरी बाही शोधत होता. विलाईने ती धरून दिली. आभार मानायचा प्रश्नच नव्हता. तिने तशी अपेक्षाही केली नव्हती.

"तुझ्या लोकांनी धुतलं असेल," तो म्हणाला.

"तुमच्या लोकांनीसुद्धा."

"आमच्यात धुवायला राहिलंय कोण." त्याने गुंड्या लावायला घेतल्या. वरची लागेना, म्हणून सोडून दिली. मग भिंतीकडे बघत, जसा डिझेलबद्दल बोलला होता त्याच आवाजात तो बोलला. "शुक्रवारी ती सकाळी आठलाच कोट घालून दारात बसते. टोपी, हातमोजे, सगळं. वार कसा कळतो देव जाणे, मी आता सांगतही नाही. गाडी बंद झाली असती तरी बसलीच असती. दर शुक्रवारी. दोन वाजले, तीन वाजले, तरी बसली असती. आणि मी तिला काय सांगणार होतो?"

"हे आत का नाही बोललात?" तिने विचारलं. "सगळ्यांनी अनुमोदन दिलं असतं. सगळ्यांत आधी मी दिलं असतं."

कौकोने टोपी डोक्यावर ओढली, कानांपर्यंत.

"आत बोललेलं लिहून ठेवतात," तो म्हणाला. "तिने या गावाला लिहायला शिकवलं. तिच्याबद्दल असलं काही लिहिलेलं नकोय मला."

त्याने दार उघडलं, थंड वारा आत आला, आणि विलाई पुढे जाईपर्यंत तो ते धरून उभा राहिला.